शब्दांपलीकडचा नाद आणि समीक्षेची मापे : 'स्लोडाइव्ह' या ब्रिटिश संगीतसमूहाच्या वाटचालीचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

एखाद्या कलाकृतीचे मूल्यमापन करताना समीक्षक कोणते माप हाती घेतो, यावर त्या कलाकृतीचे भवितव्य काही काळ तरी अवलंबून असते. कथेला कवितेचे माप लावले तर कथा तोकडी वाटते आणि कवितेकडून प्रबंधाची अपेक्षा केली तर कविता पोकळ वाटते. साहित्याच्या क्षेत्रात याची उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रातही असे घडते. मात्र तेथील निवाडे साप्ताहिकांच्या घाईत दिले जातात आणि त्यांचे परिणाम कलावंताला तत्काळ भोगावे लागतात. इंग्लंडमधील 'स्लोडाइव्ह' या संगीतसमूहाची वाटचाल या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यातील रेडिंग या शहरात १९८९ साली हा समूह स्थापन झाला. १९९१, १९९३ आणि १९९५ मध्ये त्याचे तीन अल्बम प्रसिद्ध झाले. त्यानंतर समूह विसर्जित झाला. २०१४ मध्ये तो पुन्हा एकत्र आला आणि २०१७ व २०२३ मध्ये त्याने आणखी दोन अल्बम सिद्ध केले. तिसऱ्या व चौथ्या अल्बममध्ये २२ वर्षांचे अंतर आहे. ज्या संगीताला ब्रिटिश साप्ताहिकांनी एकेकाळी निरर्थक ठरविले, तेच पुढच्या पिढीने डोक्यावर घेतले. हा बदल केवळ अभिरुचीतील चढउतार म्हणून सोडून देता येईल काय, की त्यामागे समीक्षेच्या मापांचा प्रश्न आहे, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. समूहाच्या नादाची घडण कशी आहे, त्याच्यावरील आक्षेपांचे स्वरूप काय होते आणि त्या आक्षेपांत तथ्य किती होते, या तीन प्रश्नांपुरती लेखाची मर्यादा आहे.

१. पार्श्वभूमी : दोन संज्ञा आणि त्यांचे मूळ

स्लोडाइव्हच्या संगीताला 'ड्रीमपॉप' आणि 'शूगेझ' अशा दोन संज्ञा लावल्या जातात. पहिल्या संज्ञेचे श्रेय सामान्यतः 'ए. आर. केन' या लंडनच्या जोडीतील अ‍ॅलेक्स अयुली यांना दिले जाते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या संगीतासाठी ती वापरली. स्वप्नातल्यासारखे धूसर, पण गाण्याचा सुटसुटीत आकार न सोडणारे संगीत, असा तिचा ढोबळ अर्थ सांगता येईल. या वळणाचा पाया स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथ गावातून आलेल्या 'कॉक्टो ट्विन्स' या समूहाने घातला होता. त्यांची गायिका एलिझाबेथ फ्रेझर शब्द अशा रीतीने उच्चारीत की अनेकदा अर्थ हाती लागत नसे. परंतु भाव मात्र पोहोचत असे. 'ट्रेझर' (१९८४) व 'हेवन ऑर लास व्हेगास' (१९९०) हे त्यांचे अल्बम या संदर्भात महत्त्वाचे आहेत.

दुसऱ्या संज्ञेचा जन्म थट्टेतून झाला. 'शूगेझ' म्हणजे बुटांकडे पाहणे. गिटारचा आवाज बदलणारी अनेक उपकरणे, ज्यांना पेडल म्हणतात, ती रंगमंचावर पायाशी मांडलेली असतात. ती पायाने चालू-बंद करण्यासाठी वादकाला सतत खाली पाहावे लागते. प्रेक्षकांकडे न पाहणाऱ्या या वादकांची ब्रिटिश साप्ताहिकांनी टर उडविली आणि तेच त्यांचे नाव झाले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही संज्ञा नादाचे वर्णन करीत नाही. ती वादकाच्या उभे राहण्याचे वर्णन करते. म्हणजे ज्यांनी हे नाव दिले त्यांनी या संगीताकडे प्रथम प्रेक्षक म्हणून पाहिले, श्रोता म्हणून ऐकले नाही. पुढील गैरसमजांची बीजे या नामकरणातच आहेत, असे म्हणता येईल.

या प्रवाहातील सर्वाधिक प्रभावी कलाकृती म्हणून 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या समूहाच्या 'लव्हलेस' (नोव्हेंबर १९९१) या अल्बमचा निर्देश केला जातो. ऑक्सफर्डचा 'राइड' आणि लंडनचा 'लश' हे समूहही याच काळातले. 'मेलडी मेकर' या साप्ताहिकाने १९९० मध्ये या मंडळींना स्वतःचाच उत्सव करणारा कंपू अशा आशयाचे नाव दिले होते. ते एकमेकांच्या कार्यक्रमांना हजर राहत, एवढाच त्यांचा अपराध होता.

२. नादाची घडण

मराठी संगीतविचारात शब्दप्रधान आणि स्वरप्रधान असा भेद करण्याची पद्धत आहे. भावगीतात शब्दाला अग्रस्थान असते. ख्यालात शब्द हे स्वरविस्ताराचे निमित्त ठरतात. स्लोडाइव्हचे संगीत या दोहोंपैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही. त्यात शब्द आहेत, पण ते पुढे येत नाहीत. चाल आहे, पण ती अगदी साधी आहे. येथे प्राधान्य आहे ते नादाच्या पोताला. वस्त्राचा पोत जसा एका धाग्यात दाखविता येत नाही, तसा हा नादही एका वाद्यात दाखविता येत नाही.

हा पोत कसा निर्माण होतो? गिटारच्या तारेवर आघात केला की पहिल्या क्षणी आवाज सर्वांत मोठा असतो आणि नंतर तो विरत जातो. ऐकणाऱ्याला वाद्य ओळखता येते ते मुख्यतः या आघातामुळे. स्लोडाइव्हचे वादक हा आघात पुसट करतात आणि त्यानंतर उरणारी आस लांबवितात. त्यासाठी घुमारा वाढविणारे रिव्हर्ब, प्रतिध्वनी निर्माण करणारे डिले आणि आवाजाला खरखरीत भरीवपणा देणारे डिस्टॉर्शन अशा पेडलांची साखळी वापरली जाते. यामाहा कंपनीचे एफएक्स ५०० हे उपकरण त्यांच्या नादाशी कायमचे जोडले गेले आहे. नील हॅल्स्टेड, रेचल गॉस्वेल आणि ख्रिश्चन सॅव्हिल या तिघांच्या गिटारी अशा रीतीने एकमेकींत मिसळल्या की कोणता सूर कोणाचा, हे सांगणे कठीण होते. सुराचा आरंभ कोठे झाला हे कळत नाही. तो आधीपासूनच चालू होता असा भास होतो.

या धूसर पटाला आकार देण्याचे काम निक चॅप्लिन यांची बेस गिटार आणि सायमन स्कॉट यांचे ड्रम्स करतात. लय बहुधा संथ असते. हॅल्स्टेड आणि गॉस्वेल यांचे पुरुष व स्त्री आवाज हळुवारपणे, जवळजवळ कुजबुजल्यासारखे, एकमेकांवर ठेवलेले असतात. ध्वनिमुद्रणात हे आवाज गिटारींच्या वर चढविले जात नाहीत; त्यांच्याच पातळीवर राखले जातात. लोकप्रिय संगीतात गायक हा सहसा वाद्यांचा धनी असतो. येथे तो त्यांचा शेजारी आहे. ही मांडणी ऐकणाऱ्याकडून वेगळ्या अवधानाची मागणी करते आणि समीक्षेचा गोंधळ नेमका याच ठिकाणी झाला.

३. पहिले तीन अल्बम : वजाबाकीची वाट

१९९० मध्ये 'क्रिएशन रेकॉर्ड्‌स' या कंपनीने समूहाशी करार केला, तेव्हा सभासद विशीच्या उंबरठ्यावर होते. त्याच वर्षी आणि १९९१ मध्ये निघालेल्या तीन ईपींचे, म्हणजे मोजक्या गीतांच्या छोट्या ध्वनिमुद्रिकांचे, स्वागत झाले. सप्टेंबर १९९१ मध्ये 'जस्ट फॉर अ डे' हा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश अल्बमांच्या यादीत तो ३२ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. हा अल्बम निर्दोष नाही. त्यातील बहुतेक गीते स्टुडिओतच आकाराला आली आणि तसे ती ऐकताना जाणवतेही. 'कॅच द ब्रीझ' या गीताच्या अखेरीस गिटारींचा जो लोंढा येतो तो आजही प्रत्ययकारी वाटतो. परंतु इतर अनेक गीते एकाच चालीने चालतात, एकाच ठिकाणी फुगतात आणि एकाच रीतीने ओसरतात. शब्दयोजना ढोबळ आहे. येथे पोत आहे, पण त्या पोताला अद्याप अनुभवाचा आधार मिळालेला नाही.

१९९३ मधील 'सूव्लाकी' या अल्बममध्ये हा आधार मिळाला. दरम्यान हॅल्स्टेड आणि गॉस्वेल यांचे प्रेमसंबंध संपुष्टात आले होते. आधी रचलेली बरीच गीते 'क्रिएशन'चे प्रमुख अ‍ॅलन मॅगी यांना पसंत पडली नाहीत. हॅल्स्टेड यांनी काही काळ वेल्समध्ये एकट्याने राहून नवी गीते लिहिली. समूहाने ब्रायन ईनो यांना निर्मितीची विनंती केली. त्यांनी निर्मितीची जबाबदारी घेतली नाही, परंतु 'सिंग' आणि 'हिअर शी कम्स' या दोन गीतांत सहभाग दिला. या अल्बमचा विस्तार पाहण्यासारखा आहे. 'अ‍ॅलिसन' आणि 'व्हेन द सन हिट्‌स' येथे गिटारींचा पट पूर्ण उलगडतो. 'सूव्लाकी स्पेस स्टेशन'वर जमैकातील डब संगीताच्या प्रतिध्वनींचा संस्कार दिसतो. तर अखेरच्या 'डॅगर'मध्ये जवळजवळ सर्व आवरणे बाजूला सारून केवळ साधी गिटार आणि आवाज ठेवला आहे. जो समूह आवाजाच्या ढगाआड लपतो असे म्हटले गेले, त्याने स्वतःच तो ढग बाजूला करून दाखविला होता. एकत्र गाणाऱ्या दोघांमधील तुटलेले नाते हा या अल्बमचा अव्यक्त विषय आहे; तो शब्दांपेक्षा दोन आवाजांच्या अंतरातून अधिक कळतो. तरीही ब्रिटिश यादीत हा अल्बम ५१ व्या क्रमांकापुढे गेला नाही.

फेब्रुवारी १९९५ मध्ये आलेल्या 'पिग्मॅलिअन' या तिसऱ्या अल्बममध्ये वजाबाकी पूर्णत्वास गेली. सायमन स्कॉट आधीच बाहेर पडले होते. हॅल्स्टेड यांच्यावर त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रभाव होता. ध्वनीचे छोटे तुकडे घेऊन ते पुनःपुन्हा फिरविण्याच्या तंत्राने त्यांनी हा अल्बम बव्हंशी स्वतःच घडविला. सुमारे दहा मिनिटांच्या 'रूटी' या पहिल्याच गीतात गिटारींची भिंत नाही. काही विरळ सूर आणि त्यांमधील मोकळी जागा आहे. 'क्रेझी फॉर यू' या गीतात शब्द इतके थोडे आणि इतक्या वेळा येतात की ते वाद्यासारखे ऐकू येतात. पहिल्या अल्बमपासून सुरू झालेला प्रवास, म्हणजे आघात पुसणे, शब्द मागे नेणे आणि अवकाश वाढविणे, येथे तर्कशुद्ध शेवटापर्यंत पोहोचला. प्रसिद्धीनंतर आठवड्याभरातच 'क्रिएशन'ने समूहाशी असलेला करार संपविला.

४. समीक्षेचा निवाडा आणि त्याची तपासणी

स्लोडाइव्हवरील टीकेची भाषा आज वाचताना आश्चर्य वाटते. 'मेलडी मेकर'च्या परीक्षकाने 'सूव्लाकी' पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरणे पत्करेन, अशा आशयाचे लिहिले. 'मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स' या वेल्श समूहातील रिची एडवर्ड्‌स यांनी आपल्याला स्लोडाइव्हचा हिटलरपेक्षाही अधिक तिटकारा असल्याचे म्हटले होते. अतिशयोक्ती बाजूला ठेवली, तर या टीकेत तीन आक्षेप आढळतात. पहिला, हे संगीत काहीच सांगत नाही. दुसरा, हे कलावंत टेम्स खोऱ्यातील सुखवस्तू मध्यमवर्गातले असून त्यांच्या कलेत सामाजिक संघर्ष नाही. तिसरा, रंगमंचावर त्यांना व्यक्तिमत्त्व नाही.

हे आक्षेप कोणत्या काळात घेतले गेले, हे पाहणे आवश्यक आहे. 'जस्ट फॉर अ डे' ज्या महिन्यात आला त्याच महिन्यात, सप्टेंबर १९९१ मध्ये, अमेरिकेतील 'निर्वाणा' या समूहाचा 'नेव्हरमाइंड' प्रसिद्ध झाला आणि उघड संताप व्यक्त करणाऱ्या संगीताला महत्त्व आले. पाठोपाठ इंग्लंडमध्ये 'ब्रिटपॉप'ची लाट आली. 'स्वेड'चा पहिला अल्बम १९९३ मध्ये, तर 'ओएसिस'चा 'डेफिनिटली मेबी' ऑगस्ट १९९४ मध्ये निघाला. आणि 'ओएसिस' हा 'क्रिएशन'चाच समूह होता. एकाच कंपनीच्या छताखाली एकीकडे ठसठशीत चाली, स्पष्ट शब्द आणि मुलाखतींत गाजणारे गायक होते, तर दुसरीकडे खाली मान घालून वाजविणारे स्लोडाइव्ह होते. साप्ताहिकांनाही दर आठवड्याला उद्‌धृत करण्याजोगे बोल हवे असतात. जे संगीत बोलत नाही त्याच्याविषयी लिहिणे अवघड असते आणि लिहिण्यातील अडचण ही अनेकदा संगीताचा दोष म्हणून नोंदविली जाते.

पहिल्या आक्षेपाच्या मुळाशी एक गृहीतक आहे : गीत म्हणजे शब्दांतून केलेले विधान, आणि नाद हे त्याचे आवरण. हे गृहीतक शब्दप्रधान संगीताला लागू पडते. पोतप्रधान संगीतात आशय नादाच्या हालचालीत असतो. सूर कसा येतो, किती टिकतो, कशात विरतो, यांतच तो शोधावा लागतो. भारतीय काव्यशास्त्राने वाच्यार्थापलीकडील सूचित अर्थाला 'ध्वनी' म्हटले, ही गोष्ट येथे सहज आठवते. दुसरा आक्षेप समाजशास्त्रीय वाटतो, परंतु तो कलाकृतीची तपासणी न करता कलावंताच्या जन्मपत्रिकेची तपासणी करतो. तिसरा आक्षेप तर संगीताला नाटकाचे माप लावतो.

तथापि सर्वच आक्षेप निराधार होते असे म्हणणे हा उलट बाजूचा अन्याय ठरेल. 'जस्ट फॉर अ डे'मधील एकसुरीपणा खरा होता. पोतप्रधान संगीताचा स्वाभाविक धोका हाच आहे की, पोत एकदा साधला की कलावंत त्यातच रमतो आणि रचनेकडे दुर्लक्ष करतो. समीक्षकांची चूक दोष दाखविण्यात नव्हती. पहिल्या अल्बममधील दोषाचा शिक्का त्यांनी पुढील दोन, सर्वस्वी भिन्न, अल्बमांवर न ऐकताच मारला, ही ती चूक होय.

५. मौन आणि पुनरागमन

समूह संपल्यावर हॅल्स्टेड, गॉस्वेल आणि अखेरच्या काळातील ड्रमवादक इयन मॅककचन यांनी 'मोहावी थ्री' हा समूह काढला. त्याचा 'आस्क मी टुमॉरो' हा पहिला अल्बम १९९५ मध्येच '४एडी' या कंपनीने प्रसिद्ध केला. त्यात लोकगीतांच्या वळणाची साधी, स्पष्ट उच्चारांची गीते होती. सायमन स्कॉट ध्वनिकलेकडे वळले. 'बिलो सी लेव्हल' (२०१२) या अल्बममध्ये त्यांनी पूर्व इंग्लंडमधील फेन्स या दलदलीच्या प्रदेशातील प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणे वापरली. हे तपशील अशासाठी महत्त्वाचे की, हॅल्स्टेड आणि गॉस्वेल यांना स्पष्ट बोलता येत नव्हते म्हणून ते धूसर गात, हा समज त्यातून खोडला जातो. धूसरता ही निवड होती.

दरम्यान श्रोत्यांची नवी पिढी तयार होत होती. २००२ मध्ये 'मोर म्युझिक' या जर्मन कंपनीने स्लोडाइव्हच्या गीतांची नवी रूपे एकत्र करून 'ब्लू स्काइड अ‍ॅन क्लिअर' हा आदरांजलीपर संग्रह काढला. त्यात प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक संगीतकार होते. अमेरिकन दिग्दर्शक ग्रेग अराकी यांनी आपल्या चित्रपटांतून ही गीते वापरली. पुढे इंटरनेटमुळे जुन्या ध्वनिमुद्रिका सर्वत्र उपलब्ध झाल्या. 'मेलडी मेकर' २००० साली बंद पडले होते. निवाडा देणारे न्यायालयच उरले नव्हते, पण ध्वनिमुद्रण उरले होते.

२०१४ मध्ये 'सूव्लाकी'च्या काळातील पाचही सभासद पुन्हा एकत्र आले आणि बार्सिलोना येथील 'प्रिमावेरा साउंड' महोत्सवात त्यांचे वादन झाले. २०१७ मधील 'स्लोडाइव्ह' या अल्बममध्ये आठ गीते आहेत. त्याच्या अखेरच्या 'फॉलिंग अ‍ॅशेस'मध्ये पियानोचा एक लहानसा आकृतिबंध आठ मिनिटे फिरत राहतो. तरुणपणीच्या यशाची उजळणी करण्याचा मोह टाळून समूहाने 'पिग्मॅलिअन'मधील विरळपणा आणि 'सूव्लाकी'मधील भरघोसपणा यांचा येथे मेळ घातला.

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' हा अल्बम गॉस्वेल यांच्या आई आणि स्कॉट यांचे वडील यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. दोघांचेही निधन २०२० मध्ये झाले होते. या अल्बममधील 'प्रेअर रिमेम्बर्ड' या रचनेत शब्दच नाहीत. वियोगाचा विषय असलेल्या अल्बममध्ये शब्दांशिवायची प्रार्थना ठेवणे, हे 'काही न सांगणाऱ्या' संगीताने आपल्या आक्षेपकांना दिलेले शांत उत्तर आहे, असे प्रस्तुत अभ्यासकास वाटते. पन्नाशीतील माणसांचे दुःख येथे आक्रोश करीत नाही. घरात दिवा लागावा तसे ते हळूहळू जाणवते. हा अल्बम ब्रिटिश यादीत सहाव्या क्रमांकावर पोहोचला. अर्थात क्रमांक हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. १९९३ मधील ५१ वा क्रमांक जर 'सूव्लाकी'चे मूल्य ठरवीत नसेल, तर २०२३ मधील सहावा क्रमांकही नव्या अल्बमचे मूल्य ठरवीत नाही.

येथेच एका नव्या धोक्याची नोंद करणे आवश्यक आहे. आज स्लोडाइव्हविषयी लिहिताना 'स्वप्नवत', 'तरल', 'अलौकिक' अशा विशेषणांची खैरात केली जाते. ही स्तुती पूर्वीच्या निंदेइतकीच आळशी आहे. दोहोंतही नादाची घडण तपासलेली नसते. पूर्वी त्याविषयी तुच्छता होती, आता भाविकता आहे. स्मरणरंजनाचे माप हेही बाहेरून आणलेलेच माप होय.

निष्कर्ष :

१. स्लोडाइव्हच्या संगीतात नादाचा पोत प्रधान आहे. आघात पुसणे, आस लांबविणे आणि मानवी आवाजाला वाद्यांच्या पातळीवर ठेवणे ही त्याची तीन प्रमुख तत्त्वे होत.

२. १९९१ ते १९९५ या काळातील तीन अल्बमांत एक सुसंगत विकास आढळतो. 'पिग्मॅलिअन' ही या विकासाची स्वाभाविक परिणती होती. व्यावसायिक अपयशामुळे ती दुर्लक्षित राहिली.

३. समकालीन समीक्षेने या संगीताला शब्द, वर्ग आणि व्यक्तिमत्त्व ही बाहेरची मापे लावली. पहिल्या अल्बमवरील काही आक्षेप ग्राह्य असले, तरी त्यांचे सरसकट सामान्यीकरण समर्थनीय ठरत नाही.

४. पुनरागमनानंतरच्या दोन अल्बमांवरून असे दिसते की, धूसरता ही या समूहाची उणीव नसून त्याची भाषा आहे, आणि त्या भाषेत प्रौढ वयातील शोकही व्यक्त होऊ शकतो.

वर्गात आपण विद्यार्थ्यांसमोर कविता, चित्र वा गीत ठेवतो तेव्हा बहुधा पहिला प्रश्न विचारतो : यातून कवीला काय सांगायचे आहे? स्लोडाइव्हची वाटचाल सुचविते की, त्याआधी आणखी एक प्रश्न विचारला जावा : ही कलाकृती आपल्या माध्यमाशी काय करीत आहे? त्या प्रश्नासाठी १९९३ च्या परीक्षकांनी थोडा वेळ दिला असता, तर एका समूहाला २२ वर्षांचे मौन पत्करावे लागले नसते, असे खात्रीने म्हणता येणार नाही. परंतु त्यांच्या हातून एक चांगला अल्बम न ऐकलेला राहिला नसता, एवढे निश्चित.